जुन्या संगणकाची खरेदी आणि व्यवहारशुद्धी



चाळीस वर्षांपूर्वी दूरचित्रवाणी संचाला जोडून चालविले जाणारे घरगुती संगणक आज पुन्हा शोधले जात आहेत. ज्यांनी बालपणी त्यांवर बोटे चालविली ते आता पन्नाशी ओलांडून गेले. मुले कमावती झाली, हातात थोडा पैसा व थोडी सवड आली आणि जुनी आवड जागी झाली. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या समाजबांधवांच्या घरी अशी यंत्रे माळ्यावर अजूनही सापडतात. भारतातही त्यांचा इतिहास अगदीच कोरा नाही. १९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक-साक्षरता प्रकल्पात बीबीसी मायक्रो हेच यंत्र निवडले गेले होते, तर झेडएक्स स्पेक्ट्रम ‘डेसिबल्स’ या कंपनीकडून भारतात विकला जात असे.

आवड ही वाईट गोष्ट नव्हे. परंतु जुन्या वस्तूंच्या बाजारात मोह व अज्ञान हे दोन्ही एकाच वेळी ग्राहकाचा हात धरतात. म्हणून या खरेदीत यंत्राची पारख जितकी हवी, तितकीच स्वतःच्या हेतूचीही हवी.

प्रथम हेतू

केवळ जुने खेळ पाहावयाचे असतील किंवा मुलांना त्या काळातील बेसिक भाषा दाखवावयाची असेल, तर यंत्र विकत घेण्याचे कारणच नाही. आजच्या संगणकावर ‘एम्युलेटर’ नावाची प्रणाली जुन्या यंत्राचे हुबेहूब अनुकरण करते. तिच्यावर महिनाभर काम करून पाहावे. त्यानंतरही प्रत्यक्ष यंत्राची ओढ राहिली तरच पुढचे पाऊल टाकावे. परिग्रह-परिमाण व्रताचा अर्थ वस्तूच घेऊ नये असा नाही. मर्यादा आधी ठरवावी आणि मग घ्यावे, असा आहे. एक यंत्र, त्याला लागणारी साधने आणि अमुक इतकी रक्कम, हे कागदावर लिहून ठेवावे. या छंदात दुसरे यंत्र पहिल्याच्या सुट्या भागांसाठी येते, तिसरे स्वस्त मिळाले म्हणून येते, आणि वर्षभरात एक खोली बंद पडलेल्या पेट्यांनी भरून जाते.

कोणते यंत्र

तीन यंत्रे विचारात घेण्याजोगी आहेत. १९८२ साली आलेला कमोडोर ६४ जगभर एक कोटीहून अधिक विकला गेला. त्यामुळे त्याचे सुटे भाग व माहिती विपुल आहे. त्याच वर्षीचा सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा झेडएक्स स्पेक्ट्रम लहान, हलका व रबरी कळांचा आहे. एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो डिसेंबर १९८१ मध्ये आला. तो भक्कम असून शिकण्यासाठी तिघांत सर्वांत सोयीचा आहे. चालू करताच तो आज्ञेची वाट पाहत थांबतो, आणि आपण काही लिहिल्याखेरीज काहीच करत नाही. मुलांना यंत्राकडून काम करवून घेणे शिकवावयाचे असेल, तर हा गुण मोलाचा आहे.

अमेरिकेतील यंत्र घेताना विशेष सावध राहावे. तेथील वीजपुरवठा सुमारे १२० व्होल्टचा व चित्रपद्धती एनटीएससी. आपल्याकडे व ब्रिटनमध्ये सुमारे २३० व्होल्ट व पाल. केवळ प्लग बदलून हे अंतर मिटत नाही.

पारख

बहुतेक यंत्रांचा घात विजेच्या पेटीपासून होतो. कमोडोर ६४ ची मूळ पेटी आतून राळीने भरलेली असते व तिची दुरुस्ती जवळजवळ अशक्य असते. ती बिघडली की ५ व्होल्टऐवजी अधिक दाब सोडते आणि स्मृतीच्या चिप जळून जातात. मल्टिमीटरने मोजता दाब ५.२ व्होल्टच्या वर दिसल्यास ती पेटी यंत्राला जोडूच नये. आकडा ठीक असला तरी नवी पेटी घेणे शहाणपणाचे. स्पेक्ट्रमच्या ९ व्होल्टच्या पुरवठ्यात पिनेचा मधला भाग ऋण असतो, इतर बहुतेक उपकरणांच्या उलट. घरातील भलताच अडॅप्टर खोचला की यंत्राला इजा होते. बीबीसी मायक्रोच्या वीजपेटीतील जुने कागदी कपॅसिटर तडकतात व चालू करताच उग्र वासाचा धूर सोडतात. जाणकाराकडून ते बदलून घेतल्याशिवाय बटण दाबू नये.

शक्य असेल तर यंत्र समोर चालवून घ्यावे. अर्धा तास चालू ठेवावे, कारण काही दोष यंत्र तापल्यावरच दिसतात. प्रत्येक कळ दाबून पाहावी. स्पेक्ट्रमच्या कळांखालील पातळ पडदा कालांतराने ठिसूळ होतो. तो नवा मिळतो, पण त्याचा खर्च किमतीतून वजा धरावा. विक्रेत्याच्या संमतीने झाकण उघडून गंज पाहावा. ज्या यंत्रांत पुनर्भारित बॅटरी असते, उदाहरणार्थ अमिगा ५०० ला जोडावयाचा स्मृतिविस्तार, तेथे गळलेल्या बॅटरीतील द्रव तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. पिवळट पडलेले कवच मात्र दोष मानू नये. तो प्लास्टिकमधील अग्निरोधक द्रव्याचा व काळाचा परिणाम आहे. रसायनाने उजळलेल्या कवचासाठी अधिक पैसे मोजू नयेत. पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो.

‘चालते की नाही, पाहिलेले नाही’ असे विक्रेता म्हणाला, तर यंत्र बंद आहे असे समजूनच किंमत करावी. चित्र कशावर दिसणार हेही आधी ठरवावे. स्पेक्ट्रम मूळ स्थितीत केवळ अँटेनाच्या जोडणीतून चित्र देतो आणि आजचे अनेक टीव्ही ते स्वीकारत नाहीत. जुना काचेच्या नळीचा टीव्ही घेतल्यास तो घरी उघडू नये. वीज काढल्यानंतरही आत उच्च दाबाचा भार राहू शकतो.

व्यवहार

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील तीन या बाजारात रोज भेटतात. तदाहृतादान, म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणे: जुनी यंत्रे पुष्कळदा शाळा व संस्थांची असतात, मागील बाजूस संस्थेचा शिक्का वा नोंदक्रमांक दिसला, तर ती रीतसर निकालात काढली होती का, हे विचारावे. प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या नावे नकली देणे: कमोडोर ६४ ची ‘सिड’ ही ध्वनिचिप दुर्मीळ झाल्याने दुसऱ्याच चिपवर तिचे नाव छापून विकली जाते. विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याचा नियम ओलांडणे: परदेशी विक्रेता ‘पार्सलवर भेटवस्तू लिहू का?’ असे सहज विचारतो. जुन्या संगणकांच्या आयातीवर आपल्या देशात निर्बंध आहेत. म्हणून मागविण्यापूर्वी नियम विचारावा, आणि जी वस्तू खरे लिहून येऊ शकत नाही ती सोडून द्यावी.

याहून सूक्ष्म कसोटी वेगळीच आहे. एखाद्या घरातील वृद्ध गृहिणी पतीच्या पश्चात माळ्यावरचे यंत्र रद्दीच्या भावाने देऊ करते. तिला किंमत ठाऊक नाही, आपल्याला आहे. कायदा येथे काहीच बोलत नाही. बोलावयाचे ते आपण. बाजारात याला अधिक मोल मिळते, एवढे एक वाक्य आधी सांगावे आणि मग भाव ठरवावा. त्या वाक्यामुळे सौदा महाग होईल. पण ते न सांगता स्वस्तात आणलेली वस्तू घरात प्रत्येक वेळी दिसत राहते. सोबत आलेल्या फ्लॉपी व कॅसेटमध्ये त्या कुटुंबाची पत्रे वा हिशेब असू शकतात. ते वाचू नयेत. परत हवेत का हे विचारून द्यावेत किंवा त्यांच्या संमतीने पुसावेत.

घरी आल्यावर

मुंबई-कोकणाच्या दमट हवेत कॅसेट व फ्लॉपीवर बुरशी धरते. बुरशी लागलेली फीत यंत्रात घातल्यास वाचणारे शीर्षही खराब होते. म्हणून फिती कोरड्या जागी ठेवाव्यात आणि चांगल्या स्थितीत आहेत तोवरच त्यांची संगणकीय प्रत करून घ्यावी. आपल्या भांडारांतील ग्रंथ केवळ कपाटात राहिल्याने टिकले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी त्यांची नक्कल करत राहिले, म्हणून टिकले.

श्रुतपंचमीला आपण पोथ्या बाहेर काढतो, झटकतो, नवे वेष्टन घालतो. वर्षातून निदान तेवढे लक्ष ज्या यंत्राला देता येईल तेवढेच घरात ठेवावे. त्याहून अधिक असेल, तर ते दुरुस्त करून शाळेला किंवा शिकू इच्छिणाऱ्या मुलाला द्यावे, आणि कागदावर लिहिलेली मर्यादा पुन्हा एकदा वाचावी.