प्रदर्शनाला जाण्यापूर्वी मणिकर्णिकेवर

यंत्रांचे प्रदर्शन पाहून परतणाऱ्या मनुष्याच्या पिशवीत बहुधा दहा-वीस माहितीपत्रके असतात आणि कानांत दिवसभराचा गोंगाट असतो. आठ दिवसांनी माहितीपत्रके फडताळात जातात आणि गोंगाट आपोआप ओसरतो. मग प्रदर्शनात पाहावयासारखे काही नव्हते, असा निष्कर्ष काढण्यात येतो. वस्तुतः दोष पुष्कळदा पाहणाऱ्याकडे असतो. यंत्र ज्या जागी बसवावयाचे ती जागा त्याने अगोदर नीट पाहिलेलीच नसते.

काशीच्या मणिकर्णिका घाटाचे उदाहरण घ्यावे. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी बांधून काढलेल्या या घाटावर रात्रंदिवस चिता जळत असतात. लाकूड नावांतून येते आणि काठावर त्याच्या राशी रचल्या जातात. तिरडी अरुंद गल्ल्यांतून, माणसांच्या खांद्यावरून येते. चितेसाठीचा अग्नी डोम समाजाकडून घेण्याची परंपरा आहे. पावसाळ्यात गंगा चढली म्हणजे खालचे चौथरे पाण्याखाली जातात, आणि दहन वरच्या गच्चीवर हलवावे लागते. उघड्या चितेस साधारणपणे चारशे-पाचशे किलो लाकूड लागते. या लाकडासाठी झाडे तुटतात, धुराने आसमंत कोंदतो, आणि गरीब कुटुंबाला लाकडाचा खर्च पेलत नाही. म्हणून अपुऱ्या सरणावर अर्धवट जळलेला देह नदीत सोडण्याचे दुःखद प्रसंग येत आले आहेत. सुधारणेची निकड आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

आता कल्पना करावी की, या घाटासाठी दाहिनी निवडण्यास एक अभियंता औद्योगिक प्रदर्शनात गेला आहे. गाळ्यावर चकचकीत भट्टी मांडलेली आहे. तिचे तापमान किती, दहनास वेळ किती, इंधन किती, हे विक्रेता अस्खलितपणे सांगतो. ते आकडे खोटे असतील असे नाही. ते त्या मंडपापुरते खरे असतात, जेथे वीज जात नाही, पूर येत नाही, आणि शोकाकुल माणसे रांगेत उभी नसतात. ज्याने मणिकर्णिकेवर दोन दिवस बसून काढले आहेत त्याचे प्रश्न निराळे असतील. ही भट्टी त्या गल्लीतून जाईल काय? पाणी चढू लागल्यावर ती कोणी व किती वेळात हलवावयाची? मध्येच वीज गेली तर आत असलेल्या देहाचे काय? मुलाला स्वहस्ते अग्नी देता येईल काय, कपालक्रिया करता येईल काय? आज जो डोम चिता सांभाळतो त्याच्या हाताला उद्या कोणते काम राहील?

हे प्रश्न काल्पनिक नाहीत. 1986 साली सुरू झालेल्या गंगा कृती योजनेत नदीकाठच्या शहरांत विद्युत्‌दाहिन्या उभारण्यात आल्या. काशीत ती हरिश्चंद्र घाटावर झाली. खर्चाने ती स्वस्त होती. तथापि चिता दिसली पाहिजे, ही लोकांची भावना बंद दारामागील भट्टीने पुरी होत नव्हती, आणि विजेच्या खंडाचे विघ्न कित्येक ठिकाणी आडवे आले. मणिकर्णिकेवरील चिता काही विझल्या नाहीत.

याच्या उलट दिल्लीच्या ‘मोक्षदा’ या संस्थेने 1992 पासून चितेचेच सुधारलेले रूप तयार करण्याचा मार्ग धरला. त्यातील तत्त्व शाळेतील विद्यार्थ्यासही कळण्यासारखे आहे. जमिनीवर रचलेल्या सरणाला खालून हवा कमी मिळते, आणि बरीचशी उष्णता चोहोबाजूंनी वाया जाते. सरण लोखंडी जाळीवर उचलून घेतले म्हणजे हवा खालून शिरते. बाजूच्या आडोशाने उष्णता आत राहते. वरचे धुराडे धूर ओढून घेते. दीडशे-दोनशे किलो लाकडात काम भागते, असे संस्था सांगते. यात चिता चिताच राहते आणि विधींना जागा राहते. अर्थात हा आकडाही ओल्या लाकडाच्या दिवसांत पडताळून पाहावयास हवा. सद्हेतूने सांगितलेला आकडा मोजणीतून सुटत नाही.

कोणी म्हणेल, हेतू न धरता हिंडण्यातही लाभ असतो. ते खरे आहे. 1873 च्या व्हिएन्ना येथील प्रदर्शनात ग्राम यांच्या एका डायनॅमोची वीज दुसऱ्या डायनॅमोला दिली, तेव्हा तो मोटारीसारखा फिरू लागला, आणि वीज दूर नेऊन यंत्रे चालविण्याची शक्यता लोकांनी डोळ्यांनी पाहिली. शाळेच्या मुलांनी तर असेच मोकळेपणी हिंडावे. पण ज्याच्या निवडीवर सार्वजनिक पैसा खर्च व्हावयाचा आहे त्याला ही मोकळीक नाही.

काशीला हा विचार नवा नाही. 1905 च्या डिसेंबरात गोपाळ कृष्ण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. त्याच्या जोडीला औद्योगिक प्रदर्शन होते, आणि रमेशचंद्र दत्त यांच्या अध्यक्षतेखाली पहिली औद्योगिक परिषदही झाली. परिषदेच्या कार्याचा भार पुढे अमरावतीच्या रघुनाथराव मुधोळकरांनी वाहिला. वस्तू पाहणे आणि त्यांविषयी विचारविनिमय करणे या दोन गोष्टी तेव्हा एकाच गावी, एकाच सुमारास घडवून आणण्यात आल्या, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

तेव्हा अभियंत्याने प्रदर्शनाला एकट्याने जाऊ नये. घाटावर चिता रचणारा एखादा अनुभवी माणूस सोबत न्यावा. प्रवासखर्चात तेवढी तरतूद करणे अवघड नाही. विक्रेत्याकडून त्याने नमुन्याच्या भट्टीऐवजी, दोन पावसाळे काढलेल्या भट्टीचा पत्ता मागावा, आणि तेथे जाऊन ती चालविणाऱ्याला काय मोडले, कोणी दुरुस्त केले व सुटा भाग किती दिवसांनी आला, हे विचारावे. पुराच्या प्रश्नावर एखादा कारागीर गप्प राहील आणि ‘तो घाट मला एकदा पाहू द्या’ असे म्हणेल. त्याचे नाव मात्र वहीत लिहून घ्यावे, आणि श्रावणात, पाणी पायऱ्या चढत असताना, त्याला काशीला बोलवावे.