घरांतील संगीतकार आणि रियाझाचे मक्तेदार

मुलगा दिवसभर संगणकापुढें बसून कळा दाबतो आणि त्याला संगीत म्हणतो, हा आक्षेप आज सुशिक्षित घरांतून इतक्या आत्मविश्वासानें ऐकूं येतो कीं, तो तपासून पाहण्याची गरजहि कोणास वाटत नाहीं. जेथें गुरु नाहीं, तंबोरा नाहीं, गळ्याला वा बोटांना कष्ट नाहींत, तेथें विद्या कसली? वाजतें तें यंत्र, आणि श्रेय घेतो मुलगा! आम्हांस हें म्हणणें सर्वथा अमान्य आहे.

यंत्राचा तिटकारा आमच्याकडे नवा नाहीं. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियम हद्दपार केली. तिच्यांतून मींड निघत नाहीं, हें एक मोठें कारण. आक्षेप खोटा नव्हता. पण गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकलेल्या महाराष्ट्राला, ठराविक स्वरांतून काय काढावयाचें हें वाजविणाराच ठरवितो, हें का सांगावयास हवें? बंदी तीसएक वर्षांनीं सैल झाली. पेटी तोंवर घराघरांत होतीच.

मुंबईचे चरणजित सिंग यांचेंच उदाहरण घ्या. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणाऱ्या या वादकानें रोलंड कंपनीचीं तीन यंत्रें मिळविलीं: तालासाठीं टीआर-८०८, खर्जासाठीं टीबी-३०३ आणि स्वरांसाठीं ज्युपिटर-८. तीं घरीं एकमेकांशीं जुळवून १९८२ सालीं त्यांनीं भैरव, तोडी, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर तबकडींत उतरविले. निरनिराळ्या वाद्यांचा मेळ घालणारी मिडी पद्धति निघाली ती १९८३ सालीं, म्हणजे त्यानंतर. टीबी-३०३ मध्यें एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. मींडेची कांहीं छाया त्या निर्जीव डब्यांत सांपडूं शकते, हें ओळखण्यास राग मुरलेला कानच लागतो. तबकडी त्या वेळीं खपली नाहीं. २०१० सालीं ती पुन्हां निघाली, तेव्हां शिकागोच्या ‘ॲसिड हाउस’चा नाद तींत कांहीं वर्षें आधींच कसा आला, म्हणून परदेशचे जाणकार चकित झाले!

आतां घरांतील शिकाऊ मनुष्य करतो काय तें पाहा. त्याचा ढोल आणि खर्ज एकाच पट्टींत येऊन एकमेकांस गिळतात. कोणाचा किती भाग छाटावा हें त्याला कानानें ठरवावें लागतें. कानाला लावलेल्या यंत्रांतून गोड वाटलेलें गाणें टेलिफोनच्या इवल्याशा कर्ण्यांतून ऐकतांच खर्ज नाहींसा होतो. उघड्या भिंतींच्या खोलींत आवाज घुमतो, मग पडदे येतात, पुस्तकांचें कपाट हलतें. तो पुन्हां ऐकतो, पुन्हां मोडतो, पुन्हां जुळवितो. ऐकून दुरुस्त करणें याहून निराळा रियाझ कोणता?

दोष आहे, पण तो आक्षेपक म्हणतात तेथें नाहीं. ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकानें ‘नेब्रास्का’चीं गाणीं न्यू जर्सीतील घरीं चार पट्ट्यांच्या साध्या कॅसेट-यंत्रावर मुद्रित केलीं, पुढें वाद्यवृंदासह प्रयत्न करूनहि अखेर ती घरगुती कॅसेटच १९८२ सालीं प्रसिद्ध झाली. चार पट्ट्या भरल्या कीं निर्णय घ्यावाच लागतो. आजच्या संगणकावर पट्ट्यांना अंत नाहीं, केलेलें क्षणांत पुसतां येतें, आणि तयार तुकडे व नवीं साधनें विकणारे व्यापारी दाराशीं उभेच असतात. परिणाम असा कीं, आठ मात्रांचें सुंदर आवर्तन सिद्ध होतें, महिनाभर घोळलें जातें, पण गाणें पुरें होत नाहीं.

आणि याला घरची थट्टाहि कारण आहे. चेष्टा होणार म्हणून मुलगा कान झांकूनच काम करितो. त्याचा ठेका घरांत कोणीच ऐकत नाहीं. गुरु नाहीं म्हणून त्याला हिणवावयाचें, आणि श्रोताहि मिळूं द्यावयाचा नाहीं, हा कोणता न्याय? रियाझाची ज्यांना एवढी चाड आहे त्यांनीं एकदां त्या खोलींत जाऊन बसावें, गाणें शेवटपर्यंत लावावयास सांगावें, आणि खर्ज फार झाला कीं ताल बुडाला, एवढें तरी त्याला सांगावें.