बंद दाराआडची चौकशी

सरकारी पैशाच्या उधळपट्टीचा बोभाटा उठला की 'विधिमंडळाची समिती चौकशी करीत आहे' असे सांगून लोकांचे तोंड बंद करण्याची आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. समिती बसली म्हणजे न्याय झाला, अशी सुशिक्षितांचीही भाबडी समजूत दिसते. ती किती पोकळ आहे हे पाहावयाचे असल्यास स्वतंत्र भारताच्या पहिल्या दशकातील दोन प्रकरणे शेजारी शेजारी ठेवावीत.

1948 साली लंडनमधील हायकमिशनर कृष्ण मेनन यांच्या कचेरीने लष्करासाठी 2000 जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपगाड्यांचा सौदा केला. मोठी रक्कम आधीच देऊन झाली. हाती आल्या अवघ्या 155 गाड्या, आणि त्याही निकामी! संसदेच्या लोकलेखा समितीने या व्यवहारावर ताशेरे ओढले. परिणाम काय झाला? 1955 साली सरकारने प्रकरण मिटल्याचे जाहीर केले व 1956 च्या फेब्रुवारीत मेनन मंत्री झाले. ते दोषी होते असे आम्ही म्हणत नाही. दोषी की निर्दोष, याचा उघड निवाडाच होऊ दिला गेला नाही, ही आमची तक्रार आहे.

आता दुसरे प्रकरण. 1957 साली आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांत विमेदारांचे सुमारे सव्वा कोट रुपये गुंतविले. फिरोज गांधी हे सत्ताधारी पक्षाचेच सभासद, शिवाय पंतप्रधानांचे जावई; पण त्यांनीच डिसेंबरमध्ये लोकसभेत सरकारला धारेवर धरले. न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत भरगच्च गर्दीपुढे साक्षी घेतल्या. खुद्द अर्थमंत्र्यांनाही साक्ष द्यावी लागली, आणि 1958 च्या फेब्रुवारीत कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

कोणी म्हणेल, ही चौकशी न्यायाधीशाची, समितीची नव्हे. खरे आहे. परंतु विधिमंडळाच्या समितीला दार उघडे ठेवता येत नाही, असे थोडेच आहे? अमेरिकेत 'टीपॉट डोम' येथील सरकारी तेलजमिनी परस्पर भाडेपट्ट्याने दिल्याचे प्रकरण सेनेटच्या समितीनेच 1923-24 मध्ये उघड्यावर खणून काढले. सेनेटर वॉल्श एकेक साक्षीदार चिकाटीने तपाशीत राहिले, आणि पुढे माजी मंत्री फॉल यांना लाचेच्या गुन्ह्यासाठी तुरुंगात जावे लागले. आपल्याकडे मात्र समितीच्या बैठका नियमानेच खाजगी. 1967 पासून संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे असते, हे चांगलेच झाले. पण तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत, आणि तिच्या अहवालांवर सभागृहात चर्चा क्वचितच होते.

उघड चौकशीने निर्दोष अधिकाऱ्यांची अब्रू धुळीस मिळेल, असा एक आक्षेप नेहमी येतो. मुंदडा प्रकरणात ज्यांची जाहीर उलटतपासणी झाली ते अर्थखात्याचे चिटणीस एच. एम. पटेल 1977 साली स्वतःच देशाचे अर्थमंत्री झाले, याची या अब्रूरक्षकांनी आठवण ठेवावी! संशयाची कुजबुज माणसाला जन्मभर चिकटते. उघड साक्षीत निदान त्याला उत्तर तरी देता येते.

संरक्षणाची गुपिते खुशाल झाकून ठेवावीत. पण रस्ते, धरणे, शिष्यवृत्त्या यांच्या हिशेबात असे कोणते गुपित आहे? या साक्षी लोकांसमक्ष व्हाव्यात व अहवालावर त्याच अधिवेशनात चर्चा व्हावी, एवढीच आमची मागणी आहे. तिच्यासाठी घटनादुरुस्ती नको. घटनेच्या 208 व्या कलमान्वये आपल्या कामकाजाचे नियम बदलण्याचा अधिकार राज्याच्या प्रत्येक सभागृहाला आजही आहे.