हेतू आधी तपासा

पॅरिसमधील ‘शार्ली एब्दो’ या व्यंग्य साप्ताहिकावर 7 जानेवारी 2015 रोजी हल्ला झाला आणि 12 जणांचे प्राण गेले. त्याच महिन्यात मुंबईच्या ‘अवधनामा’ या उर्दू दैनिकाने बातमीसोबत त्या साप्ताहिकाचे प्रेषित मुहम्मदांचे व्यंगचित्र असलेले एक जुने मुखपृष्ठ छापले. संपादक शिरीन दळवी यांनी लगेच माफी मागितली, पण तिचा उपयोग झाला नाही. निरनिराळ्या पोलीस ठाण्यांत तक्रारी दाखल झाल्या, मुंब्रा पोलिसांनी त्यांना अटक केली. जामीन मिळाला, तरी मुंबई आवृत्ती बंद पडली ती पडलीच. एरवी बुरखा न वापरणाऱ्या या संपादिकेला ओळख लपवण्यासाठी बुरखा घेऊन घराबाहेर पडावे लागले.

हा वाद जगभर ‘युरोप विरुद्ध मुसलमान’ असा मांडला जातो. त्याची किंमत कुणी मोजली, हे पाहिले की ती मांडणी टिकत नाही. पॅरिसमध्ये मारल्या गेलेल्यांत पोलीस शिपाई अहमद मेराबे होते, मुद्रितशोधक मुस्तफा उराद होते. युरोपचे तरी एकच मत कुठे आहे? डेन्मार्कने 2017 मध्ये धर्मनिंदेचा कायदा रद्द केला आणि 2023 च्या डिसेंबरमध्ये धर्मग्रंथांच्या जाहीर विटंबनेवर बंदी घालणारा नवा कायदा केला.

मुंबईला हे दुखणे नवे नाही. 1851 मध्ये एका पारशी संपादकाच्या गुजराती नियतकालिकात प्रेषितांचे चित्र छापले गेले आणि दंगल पेटली. दादाभाई नौरोजींचे ‘रास्त गोफ्तार’ सुरू झाले ते या दंगलीच्या पाठोपाठ. 1874 च्या दंगलीला निमित्त झाले वॉशिंग्टन अर्व्हिंग या अमेरिकी लेखकाने लिहिलेल्या प्रेषितचरित्राच्या गुजराती रूपांतराचे. रश्दींच्या ‘सॅटॅनिक व्हर्सेस’ची आयात सरकारने ऑक्टोबर 1988 मध्येच थांबवली होती. तरीही 24 फेब्रुवारी 1989 च्या मोर्चावर झालेल्या पोलीस गोळीबारात मुंबईत 12 माणसे मेली. पुस्तक दूर लंडनमध्ये छापलेले, प्रेते मात्र मुंबईच्या रस्त्यावर.

श्रद्धा दुखावल्याची वेदना खरी असते. ती व्यक्त करण्याचा, निषेधाचा, उत्तर लिहिण्याचा हक्कही खरा आहे. प्रश्न पोलीस ठाण्याच्या पायरीवर सुरू होतो. लाहोरच्या ‘रंगीला रसूल’ या प्रेषितांवरील पुस्तिकेच्या प्रकरणात प्रकाशक राजपाल सुटल्यानंतर 1927 मध्ये दंड संहितेत कलम 295-अ आले. ते करताना कायदेमंडळाने जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान एवढाच गुन्हा ठरवला. प्रामाणिक टीका आणि इतिहासलेखन यांना संरक्षण हवे, असा आग्रह त्या चर्चेत बॅरिस्टर जिना यांनी धरला होता. 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले तेही याच मर्यादेच्या आधारावर.

ही मर्यादा पुस्तकात राहते आणि अटक आधी होते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक सरसकट करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार निकालात जुलै 2014 मध्ये बजावले होते. दळवींवर लावलेल्या कलमाची कमाल शिक्षा तीन वर्षे. अटक झाली ती या निकालानंतर सहा महिन्यांनी. शिवाय या कलमाखालील खटल्याची दखल घेण्यापूर्वी न्यायालयाला सरकारची पूर्वपरवानगी लागते. पण परवानगीचा प्रश्न यायच्या आतच नोकरी गेलेली असते आणि शेजार तुटलेला असतो.

एकलहऱ्यातील वाचकांना हे दूरचे वाटू नये. आपल्या शेजारच्या सिन्नर तालुक्यात, शाह पंचाळे येथे ऑगस्ट 2024 मध्ये रामगिरी महाराजांनी प्रेषितांविषयी केलेल्या विधानांवरून राज्यात ठिकठिकाणी गुन्हे नोंदले गेले. तोवर 295-अ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 ने घेतली होती. दुष्ट हेतूची अट त्यातही तशीच आहे. ती दळवींना लागू होते तशीच महाराजांनाही, आणि दोघांच्या बाबतीत ती सारख्याच काटेकोरपणे तपासली जायला हवी. तक्रारदार कुठल्या समाजाचा, जमाव केवढा, निवडणूक किती जवळ, यावर पोलिसांचा वेग ठरता कामा नये. एका विधानावरच्या साऱ्या तक्रारींचा तपास एकाच ठाण्याकडे द्यावा, आणि हेतूचा पुरावा काय आहे हे अटकेपूर्वी लेखी नोंदवावे. गृहखात्याला हे एका परिपत्रकाने करता येईल.