गुगलने फुकट वेबसाइट बंद केल्या, एआय थेट उत्तरं द्यायला लागलं. मग गावातल्या वेबसाइटवाल्याचा धंदा चालणार कसा?

काही दुकानांच्या जुन्या व्हिजिटिंग कार्डावर अजूनही ‘बिझनेस डॉट साइट’ असा शेवट असलेला पत्ता दिसतो. मोबाईलवर टाकून बघा, दुकानाची वेबसाइट काही उघडणार नाही. गुगल छोट्या व्यावसायिकांना ही वेबसाइट फुकटात देत होतं. मार्च २०२४ मध्ये गुगलने ती सोय बंद केली.

तालुक्याच्या ठिकाणी बसून वेबसाइट बनवून देणाऱ्यांसाठी ही खरं तर चांगली बातमी होती. पण ऑगस्ट २०२४ मध्ये गुगलने भारतात सर्चच्या निकालांवर एआयने तयार केलेली उत्तरं दाखवायला सुरुवात केली. जुलै २०२५ मध्ये एआय मोड सगळ्यांसाठी खुला झाला. दुसरीकडे, चार ओळी लिहिल्या की वेबसाइटचा कच्चा आराखडा तयार करून देणारी टूल्सही आली.

म्हणजे वेबसाइट बनवणं स्वस्त झालं आणि त्या वेबसाइटवर येणारी माणसंही कमी होण्याची भीती. मग हा धंदा संपला का?

तर नाही. पण त्यात काय विकायचं, हे मात्र बदललंय. ते कसं, तेच समजून घेऊ.

एआयने नेमकं काय खाल्लं?

उदाहरणासाठी एक मंगल कार्यालय घेऊ. ‘लग्नाची तयारी कशी करावी’ असं कुणी शोधलं, तर एआय तिथल्या तिथे यादी काढून देतं. कुठल्याच वेबसाइटवर जायची गरज उरत नाही. त्यामुळे असे सरधोपट लेख लिहून कार्यालयाच्या वेबसाइटवर गर्दी आणायची, ही जुनी एसईओची पद्धत आता फारशी उपयोगाची राहिली नाही. शिवाय सर्चमध्ये वर यायचं म्हणून घाऊक भावात लेख पाडणं हा मार्च २०२४ पासून गुगलच्या नियमांत स्पॅम धरला जातो.

पण ‘सिन्नरमध्ये ५०० माणसांचं मंगल कार्यालय’ असं शोधणाऱ्याला माहिती वाचून भागत नाही. त्याला हॉल बघायचाय, तारीख विचारायचीय, भाव करायचाय. हे काम फोन लावल्याशिवाय होत नाही. स्थानिक धंद्याची ताकद इथेच आहे. एआयसुद्धा उत्तर देताना कुठल्या तरी कार्यालयाचंच नाव घेणार. प्रश्न एवढाच, की ते नाव कुणाचं असेल?

नकाशावर वर येण्यासाठी काय लागतं?

स्थानिक निकाल लावताना गुगल मुख्यतः तीन गोष्टी बघतं. शोधलेल्या गोष्टीशी तुमचा धंदा किती जुळतो, तो किती अंतरावर आहे आणि त्याचं नाव किती आहे. पैसे भरून हा क्रम वर नेता येत नाही, असं गुगल स्वतःच सांगतं. पैसे देऊन मिळते ती जाहिरातीची जागा, आणि ती वेगळी.

यातलं अंतर आपल्या हातात नाही. बाकीच्या दोन गोष्टींवर काम करता येतं. कार्यालयाच्या वेबसाइटवर ‘आपले हार्दिक स्वागत’ असं लिहून उपयोग नाही. लोक फोनवर विचारतात ते प्रश्न तिथे हवेत. पंगतीला एका वेळी किती माणसं बसतात? वधू-वर पक्षाला खोल्या किती? पार्किंग किती गाड्यांचं? जनरेटर आहे का? बाहेरचा आचारी चालतो का? आणि हे सगळं मराठीत हवं, कारण मुलीचे वडील मराठीतच शोधतायत.

रिव्ह्यूचंही तसंच. लग्न पार पडल्यावर त्या कुटुंबाला लिंक पाठवून ‘अनुभव लिहा’ म्हणणं योग्य. पैसे किंवा सूट देऊन लिहून घेणं गुगलच्या नियमात बसत नाही. प्रोफाइलच्या नावात ‘बेस्ट मंगल कार्यालय’ असे शब्द घुसवणंही बसत नाही. अशाने प्रोफाइलच बंद होऊ शकतं, आणि ऐन लग्नसराईत ते झालं तर नुकसान कार्यालयवाल्याचं होतं.

‘महिन्यात नंबर वन’ची गॅरंटी

असा फोन बहुतेक व्यावसायिकांना कधी ना कधी आलेला असतो. गुगल मात्र स्पष्ट सांगतं, की पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही. एसईओचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं, असंही गुगलने सांगितलंय.

एकदा पोळलेला व्यावसायिक पुढच्या प्रामाणिक माणसालाही दारात उभं करत नाही. म्हणून नंबरचा शब्द देण्यापेक्षा मोजता येईल अशी गोष्ट दाखवावी. प्रोफाइलवरून या महिन्यात किती जणांनी फोन लावला, किती जणांनी रस्ता विचारला, हे गुगल दाखवतं. त्यातल्या किती तारखा बुक झाल्या, हे कार्यालयवाल्याची वही सांगते. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की फी वसूल होते की नाही हे सांगावं लागत नाही.

हिशोब काय सांगतो?

समजा, तुम्ही १५ हजारांना एक वेबसाइट विकता. महिन्याला दोन विकल्या तर ३० हजार. पण त्यासाठी वर्षाला २४ नवे ग्राहक शोधावे लागतात आणि दर महिन्याच्या एक तारखेला खातं पुन्हा शून्यावर.

आता समजा, १५ ग्राहक महिन्याला ३ हजार देतात. त्यात वेबसाइटची देखभाल, प्रोफाइल, फोटो, रिव्ह्यूंना उत्तरं आणि महिन्याचा अहवाल. झाले ४५ हजार. एका ग्राहकाला चार तास धरले, तर १५ जणांना ६० तास. ४० ग्राहक झाले की १६० तास, म्हणजे एका माणसाचा जवळपास अख्खा महिना. त्याच्या आधीच मदतनीस ठेवायचा विचार करायला हवा. सेवा व्यवसायाला महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपुढे जीएसटी नोंदणी लागते. याच दराने ५६ ग्राहक झाले की ती रेषा ओलांडली जाते.

खरी अडचण इथे आहे

एका कार्यालयाचं काम चांगलं झालं, की त्याच गावातलं दुसरं कार्यालय फोन करतं, ‘आमचंही करा.’ पैसे समोर असतात. पण नकाशावर वरच्या जागा दोन-तीनच. दोघांकडून फी घेतली, तर एकाला वर नेताना दुसऱ्याला खाली ढकलावं लागणार.

म्हणून वाढायचं ते गावातल्या गावात नाही. धंदा एकच धरायचा आणि गाव बदलायचं. सिन्नरचं कार्यालय झालं की संगमनेरचं, मग कोपरगावचं. मंगल कार्यालयवाले काय विचारतात, सिझन कधी असतो, कुठले फोटो चालतात, हे एकदा कळलं की दुसऱ्या गावात निम्मी मेहनत वाचते. आणि पहिल्या ग्राहकाला तुमची शिफारस करताना भीती वाटत नाही, कारण समोरचा त्याचा स्पर्धक नसतो.

किल्ली कुणाकडे?

डोमेन आणि गुगल प्रोफाइल ग्राहकाच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर हवं. अनेक जण ते स्वतःच्या नावावर ठेवतात, म्हणजे ग्राहक सोडून जाणार नाही. पण हे दुकान भाड्याने देऊन कुलूप आपल्या खिशात ठेवण्यासारखं आहे. भांडण झालं की ग्राहक वर्षानुवर्षं कमावलेले रिव्ह्यू आणि पत्ता गमावतो.

छोट्या गावात ही बातमी कुठल्याही जाहिरातीपेक्षा लवकर पोचते. तुम्ही व्यावसायिक असाल, तर आजच एक काम करा. तुमचं डोमेन कुणाच्या नावावर आहे, ते विचारा. आणि तुम्ही वेबसाइट बनवून देत असाल, तर ग्राहकाने विचारायच्या आधीच ती किल्ली त्याच्या हातात द्या. ती हातात असूनही जो दर महिन्याला फी देतो, तोच तुमचा खरा ग्राहक.