पिल्लू पाहण्याआधी त्याची आई पाहा

मोबाइलवर फोटो पाहायचा, फोनवर किंमत ठरवायची आणि स्टँडवर पिल्लू ताब्यात घ्यायचे, अशी खरेदी आता जळगाव-धुळ्यासारख्या शहरांनाही नवी नाही. या व्यवहारात पिल्लाची आई कुठेच दिसत नाही. ब्रीडर जबाबदार आहे की नाही, हे मात्र तिच्याकडे पाहूनच कळते.

केंद्र सरकारने 2017 मध्ये कुत्र्यांच्या प्रजननासाठी आणि विक्रीसाठी नियम केले. ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. मादीचे वय दीड वर्षापेक्षा कमी नसावे, वर्षातून एकदाच आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा तिची पिल्ले घेऊ नयेत, आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये, असे हे नियम सांगतात. नियम कागदावर चोख आहेत. पण ग्राहकच नोंदणी क्रमांक विचारत नसेल, तर ते पाळण्याची घाई कोणाला?

आठ आठवड्यांच्या अटीमागे विज्ञान आहे. पिल्लाला पहिले संरक्षण आईच्या चिकातून मिळते. पुढील काही आठवड्यांत ते ओसरते. मधल्या काळात आईकडून आलेली प्रतिपिंडे आजार रोखण्याइतकी उरत नाहीत, पण लसीचा परिणाम मात्र अडवू शकतात. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सोळाव्या आठवड्यापर्यंत लसीचे डोस ठरावीक अंतराने पुन्हा द्यावे लागतात. ‘एक लस झाली आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. पार्व्हो विषाणूची लागण झाल्यावर साधारण तीन ते सात दिवसांनी उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू होतात. त्यामुळे विकताना खेळणारे पिल्लू घरी आल्यावर आठवड्यातच दगावू शकते. शिवाय खेळताना किती जोरात चावायचे, हे पिल्लू भावंडांतच शिकते. लवकर तोडलेले पिल्लू पुढे घरातील मुलांना चावण्याचा धोका वाढतो.

खान्देशात आणखी एक प्रश्न महत्त्वाचा ठरतो, तो उन्हाचा. मे महिन्यात जळगाव, भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड ठेवतो. चपट्या नाकाच्या पगला ते नीट जमत नाही, तर हस्कीची दाट लोकर बर्फाळ प्रदेशासाठी घडलेली. ‘एसी लावला की झाले’ असे सांगणारा विक्रेता आणि ‘ही जात तुमच्याकडे नको’ असे सांगणारा ब्रीडर यांतला दुसरा विश्वासाचा. दख्खनचा कारवानी किंवा गल्लीतले गावठी पिल्लू या हवेत अधिक सहज रुळते.

केनेल क्लबचे प्रमाणपत्र वंश सांगते, तब्येत नाही. म्हणून आधी जागेवर जाऊन आई आणि भावंडे पाहावीत. नोंदणी क्रमांक, पशुवैद्यकाची सही असलेले लसीकरण कार्ड आणि पावती मागावी. घरी नेण्याआधी पिल्लू पशुवैद्यकाला दाखवावे. आई दाखवायला टाळाटाळ झाली, तर पिल्लू कितीही गोंडस असो, व्यवहार तिथेच थांबवावा.