वाघ दिसला नाही तरी चालेल

डिसेंबर-जानेवारीत मोहर्लीच्या गेटमधून बाहेर पडणाऱ्या जिप्सीतले चेहरे पाहिले की सफारी कशी झाली हे विचारावे लागत नाही. वाघ दिसला असेल तर सगळे एकदम बोलत असतात. नसेल दिसला तर कुणी गाइडवर नाराज, कुणी ड्रायव्हरवर. त्याच चार तासांत या मंडळींनी ताडोबा तलावावर चक्रवाकांची जोडी पाहिलेली असते, वाळक्या झाडावर बसलेला मत्स्यगरुड पाहिलेला असतो, नीलपंखाने घेतलेली गिरकी पाहिलेली असते. पण ते हिशेबात धरले जात नाही. हजारो रुपये भरले ते वाघासाठी, आणि वाघ आलाच नाही!

प्रकृतीच्या हिशेबाने पाहिले तर हे गणित उलटे मांडावे लागेल. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी 2022 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे 1,300 लोकांना मोबाइलवर दिवसातून तीनदा विचारले जाई: आत्ता मन कसे आहे, आणि आसपास एखादा पक्षी दिसतो किंवा ऐकू येतो आहे का? पक्षी दिसला किंवा ऐकू आला तेव्हा लोकांना बरे वाटत होते, आणि हा परिणाम काही तास, कधी आठ तासांपर्यंत टिकत होता. नैराश्याचे निदान झालेल्यांमध्येही तो आढळला. झाडे किंवा पाणी जवळ असण्याचा परिणाम वेगळा काढल्यावरही पक्ष्यांचा वाटा उरलाच.

यावरून ‘पक्षी पाहा, गोळ्या सोडा’ असे कुणी म्हणू लागले तर तो शुद्ध मूर्खपणा ठरेल. हा अभ्यास निरीक्षणाचा होता. ज्याचे मन थोडे ताळ्यावर आहे त्यालाच झाडावरचा पक्षी दिसतो, अशीही शक्यता राहते. पण ज्या सवयीचा खर्च नाही, अपाय नाही आणि जिच्यासाठी माणसाला घराबाहेर पडून दोन-तीन किलोमीटर चालावे लागते, तिच्यासाठी याहून भक्कम पुराव्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णाला ‘रोज चाला’ असे सांगितले की तो आठवडाभर चालतो आणि मग सोडून देतो. ज्याला काल दिसलेला धोबी आज परत आला का हे पाहायचे असते, तो वेगळ्या ओढीने बाहेर पडतो.

आणि त्यासाठी कोअरमध्ये जावेच लागते असे नाही. चंद्रपूर-गडचिरोलीला पूर्वजांनी मोठे धन ठेवले आहे, ते म्हणजे माजी मालगुजारी तलाव. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. धानासाठी बांधलेल्या या तलावांवर आणि बोड्यांवर हिवाळ्यात तलवार बदक, थापट्या, चक्रांग असे पाहुणे उतरतात. काठावरच्या गवतात गप्पीदास बसतो. शेजारच्या कापणी झालेल्या बांधीत टिटवी ओरडत असते. तिकीट नाही, बुकिंग नाही, मंगळवारची सुट्टी नाही. गाळाने भरत चाललेले, बेशरम आणि जलपर्णीने व्यापलेले हे तलाव वाचवण्याचा प्रश्न आजवर सिंचनाचा म्हणूनच मांडला गेला. तो आरोग्याचाही आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. या दोन जिल्ह्यांत जंगल ही सगळ्यांसाठी मौजेची जागा नाही. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिलांचा एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात जीव गेला. मोह वेचायला, सरपणाला, गुरांमागे जाणाऱ्या माणसाला पक्ष्यांचे महत्त्व शहरातल्या डॉक्टरांनी शिकवावे ही थट्टाच होईल. मोर अवेळी ओरडला, वानराने खोकल्यासारखा आवाज काढला तर पाय कुठे थांबवायचा हे तो लहानपणापासून जाणतो. ही शिफारस आहे ती चंद्रपूर, बल्लारपूर, गडचिरोली, वडसा इथल्या खुर्चीत बसून काम करणाऱ्यांसाठी. त्यांनीही बफरमधल्या पायवाटेवर हौसेने एकटे शिरू नये. उघडा तलाव, गावाजवळची पाळ, दोघे-चौघे सोबत आणि सूर्य वर आल्यानंतरची वेळ बरी.

वेळेचा मुद्दा केवळ वाघासाठी नाही. पहाटे पाच वाजता कानटोपी घालून मुख्य रस्त्याने झपाझप चालणारे ज्येष्ठ नागरिक चंद्रपुरात पुष्कळ दिसतात. त्यांच्या निष्ठेला नमस्कार, पण वेळ चुकीची आणि जागाही. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी यादी काढली, तीत चंद्रपूर अगदी वरच्या क्रमांकांत होते. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो, वर उबदार हवेचे झाकण असते आणि धूर, धूळ त्याखाली अडकून राहते. ऊन चढले की ते झाकण सुटते. दमा किंवा हृदयविकार असलेल्याने डिसेंबरच्या अंधारात धावण्यापेक्षा साडेसातला शहराबाहेरच्या तलावावर जावे. बदके पळून जात नाहीत, ती दहा वाजेपर्यंत तिथेच असतात.

पक्षी पाहता पाहता स्वतःच्या शरीराचीही परीक्षा होते. शिंजीर, फुलटोचा यांचे आवाज बारीक आणि उंच पट्टीतले. वयानुसार येणारा बहिरेपणा नेमका याच पट्टीतून सुरू होतो. नातवाला ‘चिक्-चिक्’ ऐकू येते आणि आजोबा म्हणतात, ‘कुठे काय?’ हा पहिला इशारा असू शकतो. पुढे ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजने निसटू लागतात आणि ‘ऐकू येतं, पण समजत नाही’ ही तक्रार सुरू होते. तेव्हाही बहुतेक लोक कान तपासत नाहीत, समोरच्याला नीट बोलायला सांगतात. दुर्बिणीचेही तसेच आहे. एका डोळ्याने पाहिले तर बगळा स्वच्छ आणि दुसऱ्याने धुक्यातला, असे झाले तर दुर्बीण पुसण्याआधी मोतीबिंदू तपासून घ्यावा.

विदर्भाच्या तलावांवर हिवाळ्यात येणारा पट्टकादंब हंस तर रक्ताच्या विज्ञानाचा धडाच आहे. हिमालय ओलांडताना हा पक्षी सात हजार मीटरच्या वर उडाल्याची नोंद उपग्रहाशी जोडलेल्या यंत्रांनी केली आहे. तिथे प्राणवायू इतका विरळ की चढाई करणारा माणूस पावलापावलावर धापा टाकतो. हंसाच्या हिमोग्लोबिनमध्ये त्याच्या सखल प्रदेशातल्या भाऊबंदांपेक्षा मोजक्या अमिनो आम्लांचा फरक आहे. तेवढ्याने ते विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट पकडते. आणि याच भागातल्या किती घरांत हिमोग्लोबिनमधल्या एकाच अमिनो आम्लाच्या फरकाने आयुष्य वेदनेचे झाले आहे! सिकलसेल म्हणजे दुसरे काय? साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन आले की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. जुलै 2023 मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, 2047 चे लक्ष्य ठरले. तपासणीच्या रांगेत उभ्या असलेल्या आश्रमशाळेतल्या मुलाला हा हंस दाखवून हिमोग्लोबिन समजावले तर भिंतीवरच्या पोस्टरपेक्षा ते नक्की लक्षात राहील. मात्र सिकलसेलच्या रुग्णाला थंडी बाधते. गारठा आणि कमी पाणी पिणे या दोन्हींनी दुखण्याचा झटका येऊ शकतो. त्याने ऊन पडल्यावर, अंगभर कपड्यांत आणि पाण्याची बाटली घेऊनच जावे.

दिवसभर आकाशाकडे पाहूनही जो पक्षी बहुतेक दिसत नाही, त्याच्याबद्दल सर्वांत जास्त बोलायला हवे. गिधाड. एके काळी गावाबाहेर ढोर टाकले की तासाभरात डझनांनी उतरणारे. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या 1990 च्या दशकापासून दीड दशकात शेकडा 99 हून अधिक घटली. कारण बराच काळ कळले नाही. रोग असेल, विषबाधा असेल असे अंदाज झाले. 2004 मध्ये पाकिस्तानात काम करणाऱ्या संशोधकांनी उत्तर दिले: डायक्लोफेनॅक. जनावराला दुखण्यासाठी हे औषध टोचले, जनावर मेले, गिधाडांनी ते खाल्ले आणि त्यांची मूत्रपिंडे बंद पडली. अंतर्गत अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर साचलेला सापडत होता. दर 130 ते 760 मृत जनावरांमागे एकात जरी हे औषध असले तरी गिधाडे संपायला पुरेसे होते, असे गणिताने दाखवले. वर्षाला एकच अंडे घालणारा हा पक्षी ती तूट भरून काढणार कशी?

भारताने 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. मग माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या बैलांसाठी विकल्या जाऊ लागल्या. म्हणून 2015 मध्ये माणसांचे इंजेक्शनही तीन मिलिलिटरच्या एकेका मात्रेपुरते मर्यादित करावे लागले. 2023 मध्ये जनावरांच्या ॲसिक्लोफेनॅक आणि कीटोप्रोफेनवर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारे औषध उपलब्ध आहे, महाग नाही, तरीही सवय सुटायला वेळ लागतो.

गिधाडे गेली तर माणसाचे काय बिघडले? दोन अर्थशास्त्रज्ञांनी याचा हिशेब केला. पूर्वी गिधाडे भरपूर असलेल्या जिल्ह्यांची तुलना कधीच फारशी नसलेल्या जिल्ह्यांशी केली. 2000 ते 2005 या काळात गिधाडे संपल्यामुळे देशात सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू झाले असा त्यांचा अंदाज आहे. सडणारी ढोरे, दूषित पाणी, वाढलेली कुत्री आणि रेबीज ही त्यामागची साखळी. आकड्यावर वाद होऊ शकतो, तो अंदाजच आहे. पण कुत्रा चावलेल्यांची सरकारी दवाखान्यातली रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती साखळी अनोळखी वाटणार नाही.

जानेवारी 2024 मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून दहा गिधाडे ताडोबाच्या बोटेझरीत आणली गेली. त्याच वर्षी पावसाळ्यात त्यांना पाठीवर यंत्र बांधून मोकळे केले. त्यातले एक तर थेट तामिळनाडूपर्यंत गेले. गडचिरोलीतही वनविभागाने गिधाडांसाठी मृत जनावरे ठेवण्याच्या जागा केल्या. या प्रयत्नांना यश यायचे असेल तर कळ जंगलात नाही, औषधाच्या दुकानात आहे. आणि तिथे माणसाचाही संबंध आहे. ‘डॉक्टर, गोळी नको, सुई द्या’ असा हट्ट धरून पाठ-गुडघ्यासाठी जे टोचून घेतले जाते, ते अनेकदा हेच डायक्लोफेनॅक असते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात दिवसभर शेतात घाम गाळून, पाणी कमी पिऊन, वर वेदनाशामकांचा मारा केला तर माणसाचे मूत्रपिंडही कुरकुरू लागते. मधुमेही आणि म्हाताऱ्यांचे आधी. गिधाडाइतके आपण नाजूक नाही, एवढाच फरक.

राज्य सरकारने 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. पहिली तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, शेवटची सालिम अलींच्या. हा सप्ताह शाळांच्या रांगोळी स्पर्धांत आणि वनविभागाच्या फलकांत संपतो. त्यात आरोग्य खाते आणि पशुसंवर्धन खाते का नसावे? त्या आठवड्यात असंसर्गजन्य आजारांच्या बाह्यरुग्ण विभागाने दर तालुक्यात एका मामा तलावावर रुग्णांची एक सकाळ ठेवावी. सोबत वनरक्षक, चार दुर्बिणी आणि रक्तदाब मोजायचे यंत्र एवढेच लागेल. पशुवैद्यकाने तिथेच गुराख्यांना मेलॉक्सिकॅमबद्दल सांगावे.

जाणाऱ्यांसाठी थोडी काळजीही. ओलसर गवतात बसू नये, स्क्रब टायफस पसरवणारे बारीक किडे तिथेच असतात. पँट मोज्यात खोचावी, घरी आल्यावर कपडे धुवून अंघोळ करावी आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर गवतात गेलो होतो हे डॉक्टरांना सांगावे. गडचिरोलीत तापाला मलेरियाची तपासणी चुकवू नये. मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नये. 2025 च्या जानेवारीत ब्रह्मपुरी तालुक्यातल्या मांगलीत कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता. अशा वेळी फोटो काढावा, जागा लक्षात ठेवावी आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.